चौदा नंबरचा ट्रे

क्राल्स लँडिंग, विस्कॉन्सिन
शनिवार, २ मार्च १९४६

हेडविका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकलं नसशील, तर पुढचं वाच. तुझा पत्ता कारखान्यातल्या व्हिल्माच्या जावेकडून मिळवला. एकोणीस वर्षांनी हिला पत्ता सापडला का, असं तू म्हणशील. म्हण.

आईचं बरं नाही. हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणतात. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेत, जिना चढता येत नाही, म्हणून तिचा पलंग खालच्या खोलीत आणलाय. दिवसभर खुर्ची ओढून तळ्याकडच्या खिडकीत बसते. तळं अजून गोठलेलंच आहे, बघण्यासारखं काहीही नाही. ती बघते बाराची बस. दक्षिणेकडून येते, बेकरीपाशी थांबते, आणि कोणकोण उतरलं ते आई मोजते. काल कोणीच उतरलं नाही. म्हणाली, “आज गर्दी असेल. हेडाला जागा मिळाली नसेल.”

हे रोजचं झालंय. मी कारखान्यात कामावर असते तेव्हा शेजारची सोबतीला बसते, तिलाही हेच विचारते. डॉक्टर ईस्टरपर्यंतची आशा देतात, पण देताना माझ्याकडे बघत नाहीत.

कारखान्यात आता शाळेची बाकं आणि कपाटं जास्त बनतात. छपाईच्या लाकडी अक्षरांच्या ऑर्डरी महिन्याला दोनचार. ट्रिमिंगच्या, सुरीने अक्षरं साफ करायच्या बाकावर आपण अकराजणी होतो, आता चार उरलोय. लिलाव आहे, चांगली दुभती गाय हरवली आहे, जत्रा आहे, असं काही शेतकऱ्याला ओरडून सांगायचं असलं की अजून आपलीच जाड पावलांची अक्षरं लागतात. तू म्हणे शिकागोत मोठ्या दुकानात किमतीच्या पाट्या रंगवतेस. पाट्यांवर कसलं अक्षर काढतेस, ते व्हिल्माच्या जावेला सांगता आलं नाही. मला ते जाणून घ्यायचं होतं.

मागचं उकरत बसण्यात अर्थ नाही. आई आहे तोवर ये.

लुदमिला

रविवार, १० मार्च

हेडविका,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. मला त्या पाठ झाल्यात. “फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी चौदा नंबरच्या ट्रेचं काय झालं ते तुझ्या हाताने लिही. माफी नको, फक्त काय झालं ते. पत्र मिळालं की पुढच्या बसने येते.”

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मरायला टेकली आहे आणि तू अटी घालतेस. मी काय कोर्टात उभी आहे? आईला यातलं काही सांगितलं नाही. तुझं पत्र आलंय एवढंच सांगितलं. तिने ते मागून घेतलं, उघडलं नाही, मांडीवर ठेवून हात फिरवत बसली.

या आठवड्यात मिलवॉकीहून एक मास्तर कारखाना बघायला आले होते. छपाई शिकवतात. मुकादम हॅल्व्हर्सन आता नाही, बाकावरची मोठी मीच, तेव्हा समजावून सांगायचं माझ्याकडे आलं. मी सांगितलं, की इंग्रजी अक्षराला डोकं असतं आणि पाय असतात. पुस्तकात असतात ते पाय नाजूक, सुईसारखे. लाकडात तसे पाय कोरले तर दहाव्या कागदाला मोडून पडतील. म्हणून आमच्या अक्षरांना पाटासारखी जाड पावलं. सगळ्या रेघा जवळजवळ सारख्याच जाड, वर डोक्यावर पट्टी, खाली पायात पट्टी. रस्त्यापलीकडून वाचता येतं, पावसात फाटलं तरी वाचता येतं, आणि ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्यालाही वाचावं लागतं. मास्तर हसले. मग त्यांना या अक्षरांचे दोन प्रकार दाखवले, दोघे भाऊच. अँटिक आणि क्लॅरेंडन. अँटिकमध्ये उभी रेघ पायाच्या पट्टीवर सरळ उभी असते, कोपरा सुताराच्या गुण्यासारखा काटकोनात. क्लॅरेंडनमध्ये ती पट्टीत उतरताना दोन्ही बाजूंना वळण घेते. मी त्यांना तुझंच वाक्य सांगितलं, तुझं नाव न घेता. झाड जमिनीत शिरतं तसं अक्षर पायात शिरायला हवं.

मग त्यांना सुरीचं काम दाखवलं. यंत्राचं फिरतं पातं गोल असतं, ते कोपऱ्यात शिरू शकत नाही. कोपऱ्यात थोडं लाकूड राहतं, ते आम्ही हाताने कापतो. अँटिकचा कोपरा टोकापर्यंत साफ करायचा. क्लॅरेंडनला फक्त कुसळं काढायची, वळणाला हात लावायचा नाही.

मास्तरांनी विचारलं, “कधी चुकून वळण कापलं गेलं नाही का तुमच्याकडून?”

मी म्हणाले, “चौतीस वर्षांत एकदाही नाही.”

व्हिल्मा पलीकडे बसली होती. तिला ठसका लागला. पाणी प्यायला उठून गेली ती बराच वेळ आली नाही.

आता तू विचारलंस म्हणून लिहिते. त्या वेळी घाई होती. ट्रेची अदलाबदल झाली. अक्षरं बिघडली. हॅल्व्हर्सन तापट माणूस होता. झालं ते वाईट झालं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. एवढं पुरे ना?

तुझी बहीण,
लुदमिला

तासाभराने. वरचं परत वाचलं. ‘अक्षरं बिघडली’ असं लिहिलंय मी. आई आपल्याला सुरी शिकवताना म्हणायची, अक्षर आपलं आपण बिघडत नाही, बिघडवणाऱ्याचं नाव सांग. तरी पत्र असंच पाठवते आहे. दुसरं लिहायला बसले तर पाठवणारच नाही.

रविवार, १७ मार्च

हेडा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं. तूही आपल्या आईची, फ्रान्तिश्काचीच लेक.

आई आता जेवत नाही. मसुरीचं पातळ सूप दोन चमचे घेते, ते माझं मन राखायला. बाराची बस आली की मात्र मान उचलते. काल एक बाई उतरली, तपकिरी कोट घातलेली. आई खुर्चीचे हात धरून अर्धी उभी राहिली. ती धान्यवाल्याची सून होती.

तुला आधी माझ्या लेकीचं, मिलाडाचं सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रविवारी तिचा घसा धरला, बुधवारी घटसर्प म्हणाले, शनिवारी गेली. चार वर्षं आणि दोन महिन्यांची होती. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला आधी वर शेकोटी पेटवावी लागली. तू माझा हात धरून उभी होतीस. माझा नवरा तेव्हा समुद्रावर, लाकूड वाहणाऱ्या जहाजावर होता, त्याला महिनाभराने कळलं. तो ते ऐकून परत गेला तो गेलाच, हेही तुला ठाऊक आहे.

नवव्या दिवशी मी कामावर आले. सगळ्यांनी सांगितलं की आणखी थांब. पण घरात तिची लाकडी चमची होती, तिचे मोजे दोरीवर होते, आणि आई ते काढत होती. बाकावर बरं वाटेल असं वाटलं. सुरी धरली की हात आपोआप चालतात, डोक्याला काम नसतं.

माझ्यासमोर त्या दिवशी अँटिकचा ट्रे होता. सहा ओळींचा, म्हणजे इंचभर उंच अक्षरांचा, दाट, प्रत्येक अक्षराला आठदहा कोपरे. तू माझ्याकडे बघितलंस. माझा ट्रे आपल्याकडे ओढलास आणि तुझा माझ्यासमोर सरकवलास. तुझ्यात क्लॅरेंडन होतं. सोपं काम, हलक्या हाताचं. आणि त्यातली बरीच अक्षरं तुझ्या नमुन्यांवरून कापलेली होती. हॅल्व्हर्सनने पहिल्यांदाच एका बाईला नमुने काढू दिले होते, आणि वसंतात तुला नमुने काढायच्या वरच्या खोलीत घेणार होता, खिडकीजवळच्या टेबलावर. ती वळणं तू काढलेली होतीस, हेडा. आपल्या घरच्या टेबलावर, पावाच्या पिशवीच्या कागदावर, महिनाभर.

ट्रेच्या कडेला नंबराचं कार्ड असतं. ते तुझं होतं, चौदा. कार्ड बदलायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

इथपर्यंत लिहिलं. आता आई हाक मारते आहे.

परत आले. तिला पाणी नको होतं. माझा डावा हात हातात घेऊन बसली. म्हणाली, “हा हात मीच धरून शिकवला. उजव्या हाताने करून बघ म्हणून तुझा बाप ओरडायचा. मी म्हटलं, राहू दे, पोरीचा हात आहे तसा आहे.” आणि मग बस आली का, असं विचारलं. तेव्हा चार वाजले होते.

आज एवढंच. पुढच्या पत्रात लिहीन, नक्की.

लुदा

बुधवार, २० मार्च

हेडा,

लिहिते.

मी तो ट्रे सकाळी सातला घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवला. सगळ्या अक्षरांची वळणं मी कापली. अँटिक समजून कापली असंही म्हणता येणार नाही, कारण मी काही समजतच नव्हते. हाताला पंधरा वर्षं कोपऱ्यांची सवय होती. हात वळणापाशी पोचला की त्याला तिथे उरलेलं लाकूड दिसायचं, आणि तो ते काढून टाकायचा. साफ, काटकोनात. मी फार छान काम करत होते. दोनशेच्या वर अक्षरं. तू काढलेलं एकही वळण मी शिल्लक ठेवलं नाही.

मंगळवारी हॅल्व्हर्सनने ट्रे बाकावर आपटला. कार्ड वाचलं. “चौदा. हेडविका. स्वतः काढायचं आणि स्वतःच छाटायचं, ही कुठली अक्कल?” मी ट्रेकडे बघितलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की मी काय केलंय. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. वाट बघत होतीस. ‘माझं आहे’ एवढेच दोन शब्द होते. माझ्या तोंडात ते तयार होते, आणि मी मूग गिळून बसले.

का, ते तू विचारलेलं नाहीस. तरी सांगते. दहा दिवसांपूर्वी मी लेकीला नीट सांभाळलं नाही म्हणून ती गेली, असं गावात कोणी बोललं नव्हतं, पण मला सगळ्यांच्या डोळ्यांत तेच दिसायचं. आणखी एक गोष्ट माझ्या हाताने गेली, हे मला तोंडाने म्हणता येईना. उद्या सांगेन असं ठरवलं. उद्या तू बाकावर नव्हतीस. रविवारी तू बसमध्ये बसलीस. मग मला उद्या सांगायला माणूसच राहिलं नाही. पाच वर्षांनी हॅल्व्हर्सनने मला बाकावरची मोठी केलं, आणि मी आभार मानून ते घेतलं. नव्या बायकांना मी आजवर सांगत आले, की वळणाला हात लावायचा नाही.

हे झालं होतं. तुला माफी नको आहे, म्हणून मागत नाही.

उद्या सकाळी टाकते. ये.

लुदा

मंगळवार, २६ मार्च

हेडा,

आई रविवारी सकाळी गेली. तार मिळाली असेल. बाकी लोक चर्चमध्ये होते, मी घरी होते. खुर्चीतच गेली. बाराच्या बसला अजून दोन तास होते.

या पाकिटात बुधवारचं पत्र आहे. ते मी बुधवारी लिहिलं आणि टाकलं नाही. गुरुवारी एप्रनच्या खिशात घालून टपालपेटीपर्यंत गेले, तिथे फादर उभे होते, त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आले. शुक्रवारी खिशात होतं. शनिवारी आईने एप्रनवरून हात फिरवला, आत कागद कुरकुरला, म्हणाली, “टाकायचं राहिलंय वाटतं काहीतरी.” मी म्हणाले, सोमवारी टाकते.

मी हिशोब केला आहे, मला दुसरं सुचतच नाही. गुरुवारी टाकलं असतं तर शुक्रवारी तुझ्या हातात पडलं असतं, आणि शनिवारी बाराच्या बसने तू उतरली असतीस. शनिवारी आई शुद्धीवर होती. शेजारणीला पाककृती चुकीची सांगून हसत होती. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही, माझ्यासाठी लिहिते. तुझी आई तुला बघितल्याशिवाय गेली ती माझ्या चार दिवसांमुळे.

आता पुढचं ऐक. तिला शेवटचं बांधायचा काळा रुमाल शोधायला मी तिची पेटी उघडली. रुमालाखाली कॉफीचा मोठा डबा होता, झाकण सुतळीने बांधलेलं. उघडला तर आत क्लॅरेंडन. आपलं. चाळीस-बेचाळीस अक्षरं, वळणं कापलेली, प्रत्येक एका चिंधीत गुंडाळलेलं. बिघडलेला माल जळणासाठी पोत्यांनी घरोघर जायचा, ते पोतं त्या हिवाळ्यात आपल्याकडे आलं असणार. बाकीची जळली. एवढी तिने वेचून ठेवली.

तुला सांगायला नको, की उजव्या हाताची सुरी कोपऱ्यात पुढे सरकली तर पायाच्या पट्टीत केसाएवढी चीर जाते. माझी उलट बाजूने येते, म्हणून माझी चीर उभ्या रेघेत वर जाते. अकराजणींत डावखुरी एकटी मीच होते. बेचाळीस अक्षरांवर माझी सही होती, आणि ती ओळखायला आपल्या आईला चष्मासुद्धा लागला नसता. तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. एकोणीस वर्षं ती माझ्यासोबत एका टेबलावर जेवली, आणि मी कधी सांगते याची वाट बघत राहिली. तूही वाट बघितलीस, तीही. आणि मला वाटायचं, की मी काहीतरी लपवून ठेवलंय.

फार रडले. आईसाठी रडायचं सोडून त्या डब्यासाठी रडले.

मग डबा घेऊन छापखानेवाल्या शिमेककडे गेले. म्हातारा अजून पार्ते छापतो. माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद चर्चच्या दारावर, बेकरीत आणि कारखान्याच्या फाटकावर लागलाच पाहिजे, त्याशिवाय गावाला मरण पटत नाही. त्याने नेहमीप्रमाणे अँटिक काढून ठेवलं होतं. मी डबा पुढे केला. आईचं नाव यातून जुळवा म्हटलं.

त्याने एक अक्षर उजेडात धरलं. “लुदमिला, ही लंगडी आहेत. वळण नाही, अँटिकसारखा दणकटपणा नाही, ना इकडची ना तिकडची. फ्रान्तिश्काच्या नावाला हे लावू? गाव माझ्या तोंडात शेण घालेल.”

“तुमच्या नाही,” मी म्हणाले. “लावा.”

त्याने आणखी एक अक्षर बघितलं, उलटं केलं, अंगठ्याने कोपरा चाचपला. मग माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. नाव जुळवलं. खाली शोक करणाऱ्यांची नावं बारीक शिशाच्या खिळ्यांत. पहिलं तुझं, मग माझं. धाकटीचं आधी का, असं त्याने विचारलं नाही.

शाई लागल्यावर चिरा उठून दिसतात. प्रत्येक उभ्या रेघेत एक पांढरा केस.

काल सकाळी मी स्वतः कागद लावले. कारखान्याच्या फाटकावर लावत असताना पाळीची माणसं आत जात होती. या गावात मुलंसुद्धा आधी अक्षर बघतात आणि मग वाचतात, तुला ठाऊकच आहे. लोक थांबले. टोप्या काढल्या, नाव वाचलं, आणि मग जवळ आले. व्हिल्माने हातमोजा काढून एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मी म्हणाले, “चौदा नंबरचा ट्रे माझा होता. हेडाने काही बिघडवलं नव्हतं. मी कापलं आणि मी गप्प बसले.”

कोणी आश्चर्य दाखवलं नाही. व्हिल्मा बोट न उचलता म्हणाली, “आम्हाला ठाऊक होतं, लुदा. सगळ्या बाकाला ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझं पोर जाऊन दहा दिवस झाले होते. कोण बोलणार? हेडासुद्धा बोलली नाही. ती तुझ्याशेजारी बसून होती, तिला सगळ्यांत आधी कळलं असणार.”

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं म्हणायचा हक्क मला नाही. तू बोलू शकली असतीस. सगळ्यांदेखत माझा डावा हात धरून वर केला असतास, तर हॅल्व्हर्सनला एका मिनिटात पटलं असतं. तू ते केलं नाहीस. वरची खोली, खिडकीजवळचं टेबल, तुझी सगळी वळणं सोडून दिलीस, आणि बदल्यात फक्त दोन शब्द मागितलेस. ते द्यायला मला आई जावी लागली.

उद्या दहाला पुरतील. जमीन अजून कडक आहे, शेकोटी आजच पेटवली. तुझी अट आजपर्यंत पुरी झाली नव्हती, हे मला कळतं. हे पत्र उद्याच्या आत पोचणार नाही, हेही कळतं.

लुदा

रविवार, ३१ मार्च

हेडा,

आईला बुधवारी बाबांशेजारी ठेवलं. मिलाडापासून चार पावलांवर. खूप माणसं होती. घरी परतल्यावर बायकांनी कॉफी केली, उपवासाचे दिवस म्हणून केक नव्हता, नुसता पाव आणि खसखस. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. मला ते सहन होईना.

कारखान्याने तीन दिवस रजा दिली. मी आईचे कपडे घड्या घालून ठेवले. तिच्या खुर्चीत बसले. शुक्रवारी बाराची बस आली तेव्हा मी आतल्या खोलीत होते, तिचे पलंगपोस मोजत होते. कोण उतरलं ते मी बघितलं नाही. इतके दिवस त्या बसकडे डोळे लावून बसलेलं घर, आणि नेमकं शुक्रवारी कोणी बघितलं नाही.

काल व्हिल्मा आली. बसलीच नाही, उभ्या उभ्या सांगितलं. शुक्रवारी दुपारी बेकरीवालीने एका बाईला चर्चच्या दारापाशी बघितलं. राखाडी कोट, हातात लहान बॅग, केस आखूड कापलेले. कागदासमोर खूप वेळ उभी होती. मग थडग्यांकडे गेली. परत आली, टाचण्या एकेक करून काढल्या, कागद काढून चार घड्या घातल्या, बॅगेत ठेवला, आणि टाचण्या होत्या त्या भोकांत परत खोचल्या. बेकरीत येऊन कॉफी प्यायली. बेकरीवाली नवी आहे, तुला ओळखत नाही. तिने विचारलं, कोणाकडे आलात? तू म्हणालीस, “आईकडे.”

म्हणजे पत्र गुरुवारी मिळालं आणि तू पुढच्याच बसने आलीस. लिहिलं होतंस तसंच. माझा शब्द दिवसेंदिवस खिशात राहिला, तुझा एका दिवसानेही चुकला नाही. बेकरीपासून आपलं घर चाळीस पावलांवर आहे. तू नऊ वर्षांची असताना मोजली होतीस, मी अठ्ठेचाळीस म्हणत होते. ती पावलं तू टाकली नाहीस. मला राग आलेला नाही. मी दार उघडलं असतं आणि काय बोलले असते, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मी आज चर्चच्या दारापाशी जाऊन आले. टाचण्या आहेत. फादरांनी शिमेककडून दुसरा कागद आणू का विचारलं. नको म्हटलं, गेला तो योग्य जागी गेला.

डब्यातली उरलेली अक्षरं तुझी आहेत. कापलेली आहेत, कशाच्याही उपयोगाची नाहीत, पण त्यांच्यावर कुठे कुठे तुझी रेघ अजून शिल्लक आहे. वरच्या बाजूला जिथे माझी सुरी पोचली नाही, तिथे. चिंध्यांसकट पाठवते. परत पाठवायची असली तर पाठव, त्याचं मला काही वाटणार नाही. खोटं लिहिलं. वाटेल.

आणि एक विचारायचं आहे. तीनची बस दक्षिणेला जाते ती आपल्या खिडकीखालूनच जाते. शुक्रवारी तीनला मी आईच्या खुर्चीत येऊन बसले होते. बस गेलेली मी बघितली. काचांवर वाफ होती, आतलं कोणी दिसलं नाही.

तू तळ्याकडच्या बाजूला बसली होतीस, की घराकडच्या? तेवढं कळव.

लुदा